पट्टीच्या दुसऱ्या टोकाला

धारवाडला समुद्र नाही ही गोष्ट आमच्या आतोबांनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. समुद्र आहे, फक्त जरा लांब आहे, एवढंच ते कबूल करत. हुबळीहून निघालेली सर्व्हिस मोटार दिवसभर धुरळा खात आणि अरबैलच्या घाटात वळणं घेत संध्याकाळी कारवारला टेकायची. तो सगळा रस्ता आतोबांच्या हिशेबी समुद्राचं अंगण होता. दिवस मावळताना पश्चिमेचा वारा सुटला की ते ओसरीवर उभे राहून नाक वर करत आणि गंभीरपणे म्हणत, "भरती लागली." आत्या आतून ओरडायची, "भरती कुठली, शेजारणीनं फोडणी करपवलीय की!" हे उत्तर त्यांच्यापर्यंत पोचत नसे, कारण आतोबा ठार बहिरे होते. देशस्थाच्या सोवळ्या घरात जन्मलेला, चातुर्मासात कांद्याकडे ढुंकूनही न बघणारा, कानानं बहिरा असा एक शाळामास्तर घाटापलीकडच्या एका माशाचा आवाज ऐकण्यासाठी जन्मभर झुरतो, असं कुणी मला कोर्टात सांगितलं असतं तर मी वकील या नात्यानं पुरावा मागितला असता. इथे पुरावा माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता आणि आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहत होता.

त्यांचे कान लहानपणापासून फुटायचे. तेलं झाली, झाडपाले झाले, एका बैराग्याची धुरी झाली, आणि तिशी उलटेपर्यंत दोन्ही कानांनी कायमची रजा घेतली. शाळेनं त्यांना ठेवून घेतलं, कारण ते शास्त्र शिकवत आणि शास्त्र शिकवायला दुसरं कुणी मिळत नव्हतं. बहिरेपण आल्यावर पहिल्याच सुट्टीत ते कारवारला गेले आणि हौसेनं एका मासेमाराच्या होडीत बसले. किनाऱ्यापासून थोडं आत गेल्यावर त्या माणसानं होडी थांबवली, वल्ह्याचं पातं पाण्यात उभं धरलं, दांड्याच्या वरच्या टोकाला कान लावला आणि तो हसला. आतोबांनी हातवारे करून विचारलं, काय आहे? त्यानं खाली पाण्याकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या ओठांपाशी बोटांची उघडमीट केली. खाली मासा बोलत होता. आतोबांनीही दांड्याला कान लावला. त्यांना अर्थातच काही ऐकू आलं नाही. आत्या म्हणायची, "त्या दिवशी गेले ते पुरते परत आलेच नाहीत रे. निम्मे अजून तिथंच बसलेत, दांड्याला कान लावून."

तो मासा म्हणजे घोळ. मी आयुष्यात मासा चाखलेला नाही, पण घोळ माशाच्या अंतरंगाबद्दल मी आजही साक्ष देऊ शकतो, इतक्या वेळा मला तो ऐकवला गेला आहे. लांबट बांधा, राखाडी-रुपेरी पाठ, तिच्यावर आणि परांवर शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे ठिपके, पोट पांढुरकं. चांगला वाढलेला घोळ उभा केला तर माणसाच्या छातीला लागेल. राहणं किनाऱ्याजवळच, चिखलाच्या तळावर, गढूळ पाण्यात. कधी खाडीच्या तोंडातही शिरायचा. खाणं कोळंबी, खेकडे, बारके मासे. पोटाखालच्या मागच्या परात एक काटा असा जाड की हाताला लागला तर आठवडाभर नाव काढाल. इथवर आतोबांचा स्वर वर्गातला असे. मग ते आवाज खाली आणत. बहिऱ्या माणसाचा खाली आणलेला आवाज म्हणजे नुसता श्वास असतो. अंगावर काटा यायचा. "आता ऐक. कण्याखाली याला हवेची एक पिशवी आहे. गाजराच्या आकाराची. तिला दोन्ही अंगांनी फांद्या, फांद्यांना फांद्या. आणि पिशवीला बिलगून लालभडक स्नायू. ते थरथरले की पिशवी नगाऱ्यासारखी वाजते. थवा जमला, अंडी घालायची वेळ आली की संध्याकाळी सगळे एकदम वाजवतात. खालच्या अंधारात. कुणाला दिसत नाही, कुणी बोलावलेलं नाही, आणि नगारे चालू." एवढं सांगून ते कोटाच्या खिशातून दोन पांढरे दगड काढून माझ्या तळहातावर ठेवत. ते घोळाच्या डोक्यातले कानाचे दगड. बोटाच्या पेराएवढे, गुळगुळीत, आणि खिशात राहूनसुद्धा गार. "शिवाय याच्या अंगावर कल्ल्यापासून एक रेघ निघते. बाकीच्या माशांत ती शेपटीच्या मुळाशी संपते. याची शेपटीच्या पार टोकापर्यंत जाते. त्या रेघेनं याला पाण्याची थरथर कळते. म्हणजे बाहेर कान नाही, पण अख्खा ऐकतो. आणि मला बघ, एवढाले कान!" हे म्हणताना ते स्वतःचे कान दोन्ही हातांनी ओढून दाखवत. ते खरोखरच मोठे होते.

सोवळ्या घरात हा मासा शिरला कसा, हे विचाराल तर तह करून. आत्या म्हणजे धारवाडातल्या सोवळ्याचं हायकोर्ट. मी कचेरीतून थेट तिच्याकडे गेलो तर माझ्या कोटाचा वारा लागला म्हणून ती पुन्हा आंघोळ करायची. अशा बाईनं आतोबांपुढे देवासमोर अटी घातल्या. मासा पुढच्या दारानं येणार नाही, मागच्या हित्तलातून, म्हणजे परसातून येईल. हित्तलाच्या कोपऱ्यातली लाकडं ठेवायची खोली त्याची. तिच्यापुढे त्यानं पाऊल टाकायचं नाही. चिरफाड झाली की नेसत्या वस्त्रानिशी आंघोळ. आणि शेवटची, सगळ्यांत कडक अट अशी, की माशाला हात लावा, कापा, वास घ्या, काय हवं ते करा, पण माशाचं किंवा माशाला लागलेलं काहीही तोंडाला लागता कामा नये. "तोंडानं तुम्ही देवाचं नाव घेता, आणि त्याच तोंडानं माझ्या हातचं जेवता. तेवढं तोंड मला द्या," असं ती म्हणाली. आतोबांनी शब्द दिला आणि तो पाळला. कारवारच्या मोटारीचा ड्रायव्हर औषधाच्या पाण्यात बुडवलेला घोळ रॉकेलच्या डब्यातून हुबळीला पोचवायचा आणि आतोबा तो डबा मांडीवर घेऊन आगगाडीनं धारवाडला आणायचे. एकदा हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातला एक ओळखीचा कापडवाला समोर बसला होता. त्यानं डबा बघून विचारलं, "काय मास्तर, तूप वाटतं? कुठलं?" आतोबांनी त्याच्या ओठांकडे बघून अंदाजानं उत्तर दिलं, "कारवारचं. मोठं आहे. डोळे अजून उघडे आहेत." तो माणूस पुढच्याच स्टेशनला गाडीचा डबा बदलून गेला.

त्या लाकडाच्या खोलीत मी संध्याकाळनंतर एकटा कधी गेलो नाही, हे कबूल केलेलं बरं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कायद्यात त्यांचा पत्ता नाही. पण फळीवर ओळीनं काचेच्या बरण्या, एकीत ती फांद्या फुटलेली पिशवी, एकीत अख्खं डोकं, आणि दिवा आत नेला की सगळे पांढरे डोळे एकदम दिव्याकडे वळलेले. ते आधीपासूनच दाराच्या दिशेनं ठेवलेले असत, एवढी साधी गोष्ट मला माहीत होती. तरी दिवा हलला की पिशवीच्या फांद्या हलल्यासारख्या वाटत, आणि आतोबा बरणीच्या काचेला बोटं टेकवून, डोळे मिटून उभे असत. मी विचारलं तर म्हणत, "गप्प आहे. कितीही विचारलं तरी गप्प. मेलेला साक्षीदार आहे रे तुझ्या भाषेत."

आता पट्टीबद्दल सांगायला हवं. आतोबांनी ऐकण्याची एक युक्ती शोधली होती. शाळेतला एक लोखंडी चिमटा, जो ठोकला की सूर देतो, तो कानाशी धरला तर त्यांना काही कळत नसे. दातांत धरला की डोक्यात घुमे. तेव्हापासून एक हातभर शिसवी पट्टी त्यांच्या कोटाच्या आत कायम असायची. एक टोक दातांत आणि दुसरं टोक जे ऐकायचं त्यावर. बोलणाऱ्याच्या कपाळावर ते टोक टेकवत. शाळा तपासायला आलेल्या साहेबाच्या कपाळावरही टेकवलं, आणि तो साहेब घाबरून इतक्या हळू बोलला की शेरा चांगला मिळाला. आत्याच्या बाबतीत मात्र पट्टी लागत नसे. तिच्या ओठांवरून त्यांना सगळं कळायचं, न बोललेलंही कळायचं. बाकी जगाला त्यांनी पट्टी लावली. घड्याळाला, विहिरीच्या रहाटाला, तंबोऱ्याच्या भोपळ्याला. एका बैठकीत गवयानं डोळे उघडले तेव्हा हे गृहस्थ त्याच्या तंबोऱ्याला दातांनी जोडलेले होते. कुणाच्या घरी गेले तर कडी वाजवण्याआधी पट्टी दाराला लावून आत माणसं आहेत का ते ऐकत. तिन्हीसांजेला तुम्ही दार उघडावं, तर उंबऱ्याबाहेर एक उंच माणूस डोळे मिटून, तोंडात लाकूड धरून तुमच्या दाराला टेकलेला. आमच्या आळीतल्या दोन सुना त्यापायी माहेरी गेल्या होत्या. पण आत्याला एकदा विषमज्वर झाला, वैद्यानं मान हलवली, तेव्हा हाच माणूस तिच्या खाटेच्या खुराला पट्टी लावून तिचा श्वास ऐकत बसून राहिला. ताप उतरला तेव्हा पट्टीवर दातांच्या खोल खाचा पडल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "एवढं जवळ बसून काय करायलात? सोवळं मोडलं की माझं!"

कावळ्यांची आणि त्यांची दोस्ती हा आळीच्या दृष्टीनं गंभीर मामला होता. चिरफाडीतून उरलेलं आतोबा हित्तलात पुरत, पण कावळ्यांना शास्त्राची गोडी आतोबांइतकीच होती. एका पितृपक्षात ड्रायव्हरनं अवचित डबा आणला, आणि त्याच दिवशी समोरच्या रिटायर्ड मामलेदारांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. मामलेदारांनी भिंतीवर काकबळी ठेवला आणि "काव, काव" म्हणून हाका मारल्या. एक कावळा येईना. येणार कुठून, सगळे आतोबांच्या मागच्या भिंतीवर पंगतीला बसलेले. ऊन चढलं, घरातली माणसं भुकेनं कासावीस झाली. मामलेदारांचा धीर सुटला. त्यांनी वडिलांना उद्देशून मोठ्यानं सांगितलं, "अप्पा, चुकलं. धाकट्यावर विहिरीच्या वाटेची फिर्याद केली ती काढून घेतो." तेवढ्यात इकडचं संपलं आणि तिकडे कावळा आला. मामलेदारांनी दुसऱ्या दिवशी खरोखर फिर्याद काढून घेतली. त्यांचा वकील मी होतो. मी आतोबांकडे तक्रार घेऊन गेलो, तर पट्टी माझ्या कपाळावरून काढत ते म्हणाले, "घोळामुळे दोन भाऊ एक झाले. तुझ्या कायद्यानं किती झाले?"

एवढं सगळं करून त्यांची एकच इच्छा राहिली होती, आणि ती सगळ्या आळीला पाठ होती. जिवंत घोळ एकदा ऐकायचा. पावसाळा सरला की ते कारवारला जात, त्याच माणसाच्या होडीत बसत, आणि परत आले की आत्या नुसती भुवई उंचावून विचारायची. ते मान हलवत. "अजून नाही." मला नवल वाटायचं. तंबोरा ऐकू येतो, रहाट ऐकू येतो, मग वल्हं का येऊ नये? पट्टी दातांत धरून वल्ह्याला लावली की झालं. हे मी त्यांना एकदा विचारलंही. ते म्हणाले, "त्याला एक कायदेशीर अडचण आहे," आणि विषय बदलला. वकिलासमोर असं म्हणू नये. पण मीही खोदून विचारलं नाही.

ते शेवटचे कारवारला गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पानावर बसल्यावर आतोबा एरवी बोलत नसत. त्या दिवशी भाताचा घास हातात तसाच धरून त्यांनी आत्याला विचारलं, "लाकडातून विटाळ जातो का ग?"

आत्या वाढता वाढता थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे असं की, एक ओवळं लाकूड आहे. त्याला दुसरं चांगलं लाकूड नुसतं टेकवलं. माणसानं दुसऱ्याला स्पर्श केला, पहिल्याला नाही. तर?"

आत्यानं फार विचार केला नाही. ती त्या शास्त्राची प्रोफेसर होती. "तुमच्या पट्टीतून आवाज जातो की नाही?"

"जातो."

"मग विटाळही जातो. जे एक जाईल ते दुसरंही जाईल. साकु, पुरे आता, जेवा सुम्म, गप्प. निवायलाय भात."

आतोबांनी मान डोलावली, "बरोबर आहे," म्हणाले आणि घास खाल्ला. मला त्या उत्तराचं फार कौतुक वाटलं; असा न्यायाधीश धारवाडला मिळावा असंही मी मनात म्हणालो. ते कारवारहून परत आले, आत्यानं भुवई उंचावली, त्यांनी मान हलवली. त्या थंडीत त्यांना छातीचा ताप आला आणि ते गेले. शेवटच्या दिवशी पट्टी त्यांच्या उशाशी होती, आणि ते आत्याच्या ओठांकडे बघत होते. ती काही बोलत नव्हती.

दहाव्या दिवशी तळ्याच्या काठी पिंड ठेवला. भटजी लांब सरकायच्या आतच कावळा आला. एक नव्हे, दहा-पंधरा आले. असा चटकन काकस्पर्श आमच्या भटजींनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. "काही इच्छा राहिली नाही हो मास्तरांची," ते म्हणाले, "तृप्त होऊन गेले." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. घरी ही बातमी सांगितली तेव्हा आत्याचा चेहरा मात्र उतरला.

"तृप्त कसले? मला ठाऊक नाही होय?" ती म्हणाली. "ते कावळे त्यांच्या मिंध्यातले रे. जन्मभर यांच्या हित्तलात जेवलेत. ते खरं कसं सांगतील?"

मी हसणार होतो, पण तिच्याकडे बघून हसलो नाही. तिचं म्हणणं पुराव्याच्या कायद्याला धरूनच होतं.

त्यानंतर सुरू झालं ते मी जसं घडलं तसं सांगतो. तिन्हीसांजेला आत्या लाकडाच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसू लागली. बरण्या तिनं काढू दिल्या नव्हत्या. मी गेलो की म्हणायची, "हात लाव बघू इथं." मी भिंतीला हात लावायचो. मातीची जुनी भिंत. आधी काही नाही, मग तळव्याला अगदी खालून आल्यासारखी थरथर. ढुम्म, आणि मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा ढुम्म. मी तिला सांगितलं की त्या वेळेला हुबळीकडे मालगाडी जाते. आत्या म्हणाली, "हौदु की, होय. गाडी जाते. पण ती पलीकडनं जाते, आणि हे बरण्यांकडनं येतंय." तिला त्याची भीती नव्हती. तिला वाईट वाटत होतं. "ते विचारायलेत काहीतरी," ती म्हणायची, "आणि मला ऐकू येतं, पण कळत नाही. बघ कसं उलटं झालं. त्यांना ऐकू यायचं नाही, पण सगळं कळायचं." एकदा मी आत दिवा नेला तेव्हा सगळे पांढरे डोळे माझ्याकडे न बघता भिंतीकडे, ती बाहेर बसली होती त्या बाजूला, बघत होते. बरण्या पुसताना कुणीतरी फिरवल्या असतील. ती खोली आत्याशिवाय कुणी उघडत नसे, आणि मी तिला विचारलं नाही.

वर्षश्राद्ध झालं, पाऊस सरला, आणि आत्या म्हणाली, "मला कारवारला ने." ज्या बाईनं दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी कधी प्यायलं नाही ती पाण्याची कळशी, दशम्यांचा डबा आणि सोवळ्याचं धाबळ घेऊन सर्व्हिस मोटारीत बसली. घाटात तिला फार त्रास झाला. दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात आम्ही त्या होडीवाल्याला शोधून काढलं. मास्तरांची बायको म्हणताच त्या म्हाताऱ्यानं डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं. होडीत चढताना आत्यानं क्षणभर फळ्यांवरच्या खवल्यांकडे बघितलं, पदर आवळला आणि चढली.

समुद्र त्या संध्याकाळी अगदी सपाट होता, वारा पडलेला. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा रंग उडाला आणि वर-खाली सारखंच करडं दिसायला लागलं. होडीवाल्यानं होडी थांबवून वल्हं उभं धरलं, कान लावला, आणि आत्याकडे बघून मान डोलावली. मासे होते. मग तो कारवारच्या कानडी-कोंकणीत, सावकाश, तिला कळेलसं बोलला.

"शेवटच्या खेपेला मास्तर इथंच बसले होते, आक्का. त्यांनी ती पट्टी काढली. एक टोक माझ्या वल्ह्याला लावलं, दुसरं तोंडापाशी नेलं. खाली मासे जोरात वाजायला लागलेले, अशी वेळ पुन्हा येत नाही. मी म्हटलं, चावा की मास्तर, चावा. ते तसेच बसून राहिले, दातांपासून एवढं लांब धरून. मग पट्टी खाली ठेवली. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, घरी विचारून आलोय. लाकडातून विटाळ जात नाही म्हणाली असती तर चाललं असतं."

मला भाताचा तो घास आठवला, आणि आत्याच्या उत्तराचं मला किती कौतुक वाटलं होतं तेही. आत्या पाण्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, आणि ते वाचणारा माणूस नव्हता.

"नुसतं सांगायचं नाही होय," ती शेवटी म्हणाली. "कशासाठी विचारतोय ते सांगायचं नाही? मी काय माशाचं काळीज घेऊन बसलेय?"

मग तिनं पिशवीतून पट्टी काढली. मला ठाऊक नव्हतं की तिनं ती बरोबर आणली आहे. एक टोक तिनं स्वतःच्या हातानं त्या ओल्या, खवले चिकटलेल्या वल्ह्याला टेकवलं.

"आत्या," मी म्हणालो, "तुझे कान चांगले आहेत. नुसता कान लाव, ऐकू येईल."

"माझ्यासाठी कुठं ऐकायलेय रे मी?" ती म्हणाली.

"पण ते लाकूड..."

"हे टोक त्यांच्या तोंडचं आहे. त्यांच्या ताटात जेवले मी जन्मभर. त्यांच्या उष्ट्याचा कसला विटाळ?"

पट्टीवर त्यांच्या दातांच्या ज्या खाचा होत्या, तिच्याच तापातल्या, त्यांत तिनं आपले दात बसवले आणि डोळे मिटले. मी होडीच्या तळाला हात लावला. आधी काही नव्हतं. मग फळीतून ती थरथर आली, जी मी धारवाडच्या भिंतीला हात लावून ओळखत होतो, तीच. ढुम्म. इथे मात्र तिला उत्तर आलं, मग त्या उत्तराला उत्तर, मग आमच्या खाली सगळीकडून, लांबून, जवळून, कुठल्यातरी मोठ्या देवळात सांजेला नगारा सुरू व्हावा तसा तो आवाज चढत गेला. वर पाणी हलत नव्हतं. आत्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र हसरा होता, जसा तो होडीवाला कधीकाळी हसला असेल आणि एका बहिऱ्या माणसानं ते पाहिलं असेल.

आवाज विरत गेला तेव्हा पुरता अंधार पडला होता. आत्यानं पट्टी तोंडातून काढली आणि पदरानं हलकेच पुसली. मग ती पाण्याकडे वळून, घरात ते जेवून उठल्यावर विचारायची तशा साध्या सुरात म्हणाली, "ऐकलंत ना हो?"

होडीवाल्यानं होडी वळवली. किनाऱ्यावर उतरल्यावर मी म्हणालो, "पुढं जाऊन तुझ्या आंघोळीचं पाणी काढायला सांगतो."

"नको रे," आत्या म्हणाली. "आज राहू दे."

आणि ओल्या पदरानिशी, पट्टी हातात धरून, ती वाळूतून माझ्यापुढे चालू लागली.